शिवी, बर्फाचं पाणी आणि नारायणगावचा बाजार

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात पिकअपचा फाळका एकाच्या बोटावर पडला. त्याच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. आजूबाजूच्या कोणी मानसुद्धा वळवली नाही. "पाणी घाल, पाणी," एवढंच कोणीतरी म्हणालं. थोड्या वेळाने क्रेट उचलताना एका मावशींचं नख उचकटलं. त्यांनी त्याच शब्दांतला सगळ्यात सौम्य शब्द काढला, तर चार जण हसले. एक म्हणाला, "मावशी, जिभेला काही हाड?"

हे आठवलं कारण सध्या मी इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफन्स यांचे पेपर वाचतेय. (माझा पीएचडीचा विषय हा नाही. थिसिस लिहायचा असला की माणूस काहीही वाचतो.) २००९ साली त्यांनी ६७ विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावला. एकदा शिवी पुन्हा पुन्हा म्हणायची, एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द. शिवी देताना मुलांनी हात जास्त वेळ पाण्यात ठेवला, दुखणं कमी जाणवलं, हृदयाचे ठोकेही वाढले. २०२० मध्ये त्यांनी शिवीसारखे वाटणारे दोन नवे शब्द बनवून पाहिले. त्यांचा काही उपयोग झाला नाही. खऱ्या शिवीने मात्र सहनशक्ती सुमारे ३३ टक्के वाढली.

म्हणजे ताकद नुसत्या उच्चारात नाही. लहानपणी ज्या शब्दासाठी मार खाल्ला, तोच शब्द कामाला येतो. इथवर मला पटतं.

माझी तक्रार पुढे आहे. शब्दात ही ताकद ऐकणाऱ्यांनी भरलेली असते, आणि प्रयोगात तो ऐकणाराच गायब आहे. समोर बसलेला संशोधक स्वतःच सांगतो, द्या शिवी. आपल्याकडे अशी परवानगी कोणाला असते? 'च्यायला' हे मुळात आईवरूनच. जुन्नर-आंबेगावात पुरुषाच्या तोंडी ते नुसतं स्वल्पविरामासारखं येतं. तेच मी लॅबमध्ये हॉट प्लेटला हात भाजल्यावर म्हणाले, तर शेजारचा सीनियर म्हणाला, "तू पण?" हात किती भाजला ते नंतर विचारलं. हा सीनियर स्वतः दिवसभर काय बोलतो, ते जाऊ दे.

आता गंमत बघा. स्टीफन्स यांच्याच २०११ च्या पेपरात आहे की रोज जास्त शिव्या देणाऱ्यांना वेदनेत त्यांचा फायदा कमी होतो. ते ब्रिटिश विद्यार्थी होते, तरी तोच हिशोब बाजारात लावून पाहिला तर फाळकेवाल्याला फारसं काही मिळालं नसणार आणि मावशींना भरपूर. ज्यांना हे औषध सगळ्यात जास्त लागू पडेल, त्यांनाच ते घ्यायची बंदी. पेपरात फायदा मोजलाय, त्याची किंमत नाही.

बायकांना मुभा मिळते ती आखून दिलेली. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. तो 'बोरीचा बार'. वर्षातून एक दिवस. आणि आमचं नारायणगाव तर तमाशाची पंढरी. तिथे गवळणीतली मावशी वाटेल ते बोलते आणि मंडप हसतो, पण लुगड्यात पुरुष असतो.

म्हणून हा प्रयोग मंचरला करून बघावा असं मला वाटतं. तीच बादली, तेच पाणी, फक्त संशोधकाच्या जागी समोर एकदा मैत्रीण बसवायची आणि एकदा सासू. शब्द तोच. हात किती सेकंद टिकतो ते बघू. एथिक्स कमिटीला अर्जात 'सासू' हा व्हेरिएबल कसा समजवायचा, एवढंच अडलंय.