फितूर साक्षीदार

वाइनच्या पारखीत नाकाने साक्ष द्यावी आणि जिभेने निवाडा करावा, असा संकेत आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे मात्र डोळ्यांनी नाकालाच फितविले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, गंधहीन तांबडा रंग मिसळलेल्या पांढऱ्या वाइनचा गंध वर्णिताना मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी बव्हंशी तांबड्या वाइनचीच विशेषणे योजिली. एवढ्याने पारख थोतांड ठरत नाही. पूर्वग्रह तेवढा उघडा पडतो. १९७६ साली पॅरिसमध्ये नावे झाकून परीक्षा झाली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच तांबड्या व पांढऱ्या दोन्ही प्रकारांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला अग्रस्थान दिले. स्वदेशाविरुद्ध गेलेला तो निवाडा आम्हांस फ्रेंच रसिकतेचा पराभव वाटत नाही. तिची खरी प्रतिष्ठा आम्हांस त्यातच दिसते.