गाविलगडचा वेढा आणि सेनापतीचा चिटणीस

ता. १५ डिसेंबर १८०३ रोजीं गाविलगड इंग्रजांच्या हातीं गेला, ही गोष्ट सर्वविश्रुत आहे. चिखलदऱ्यास हवा खाण्यास येणारी मंडळीही सुमारें कोसभर चालून तो पडका किल्ला पाहून जातात. या प्रसंगाचें कथन करणारे लेखक जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला पुरुष, याच्या खलित्यांवर सर्व भिस्त ठेवितात. खलिता सेनापतीचा, तेव्हां त्यांतील शब्दही त्याचा व माहितीही त्याचीच, असें गृहीत धरलें जातें. हें गृहीत कितपत टिकतें, तें येथें तपासून पाहावयाचें आहे.

वेलस्लीच्या जवळ या मोहिमेंत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नांवाचा चोवीस वर्षांचा मुलकी कामगार होता. तो मूळचा पुणें येथील रेसिडेंट बॅरी क्लोज याचा मदतनीस. राजकारणाचें काम पाहणारा जॉन माल्कम दुखण्यामुळें छावणी सोडून गेला, तेव्हां १८०३ च्या ऑगस्टांत त्याच्या जागीं याची नेमणूक झाली. असई, अडगांव आणि गाविलगड या तिन्ही प्रसंगीं तो हजर होता. त्याचें काम काय, तें आपल्या दफ्तराच्या भाषेंत सांगावयाचें तर चिटणीस, पारसनीस आणि जासूदांचा कारभारी, असे तीन हुद्दे एकाच माणसाच्या अंगावर होते. आलेलें पत्र वाचून त्याचा अर्थ सेनापतीस सांगावा, उत्तराचा मसुदा करावा, हरकाऱ्यांनीं आणिलेल्या बातम्या ऐकून त्यांतील खरें खोटें निवडावें. एडवर्ड स्ट्रेची या मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यानें छावणींतील दिनचर्या कळविली आहे. पहांटेच्या काळोखांत तंबू उखडल्यापासून रात्रीं निजेपर्यंत कूच, लेखन व बातमीदार यांतच त्याचा दिवस सरत असे.

आतां वेलस्लीचा मराठी दरबारांशीं व्यवहार भाषांतराच्या आधारानें चालत असे, हें ध्यानांत घ्यावें. म्हणजे खलित्यांत जेथें ‘भोसले असें म्हणतात’ किंवा ‘वकिलानें असें सांगितलें’ असें येतें, तेथें भोसल्यांचें म्हणणें प्रथम त्यांच्या कारकुनानें लिहिलें, नंतर दुभाष्यानें इंग्रजींत फिरविलें, मग सेनापतीनें आपल्या मतलबापुरतें घेतलें. एवढ्यानेंही भागत नाहीं. हे खलिते १८३४ पासून छापून काढणारा कर्नल गुरवुड हा स्वतः ड्यूकचा खाजगी चिटणीस. त्यानें कित्येक ठिकाणीं व्यक्तींचीं नांवें गाळून नुसत्या रेघा घातल्या. अशा चार हातांतून आलेल्या वाक्यास अव्वल पुराव्याचा मान देणें आम्हांस धाडसाचें वाटतें. १८५८ पासून ड्यूकच्या मुलानें पुरवणी खंड काढिले, तेही पाहिल्याशिवाय गुरवुडच्या पाठावर सिद्धान्त उभारूं नये.

एल्फिन्स्टनविषयीं एक गोष्ट चरित्रकार मोठ्या आवडीनें सांगतात. त्याचें लढाईंतील धैर्य पाहून वेलस्ली म्हणाला कीं, तुम्ही धंदा निवडण्यांत चुकलां, तुम्ही शिपाईच व्हावयाचें. गोष्ट चटकदार आहे खरी. पण तिनें त्या माणसाच्या खऱ्या कामगिरीवर पडदा पडला. याच सेनापतीनें त्याची शिफारस केली ती तरवारीसाठीं नव्हे, तर भाषेचें ज्ञान आणि मराठी संस्थानांच्या हिताहिताची माहिती यांसाठीं. त्या शिफारशीमुळेंच तो १८०४ मध्यें नागपुरास रेसिडेंट होऊन गेला. बोलण्यांतील गौरव एका गुणाचा आणि लेखांतील दुसऱ्याचा, असा भेद पडला म्हणजे संशोधकानें लेखाकडे झुकावें.

तथापि चिटणीसाच्या पत्रांनाही डोळे मिटून प्रमाण मानतां येणार नाहीं. गाविलगडावर मुख्य मारा उत्तरेकडून कर्नल स्टीव्हनसनच्या फौजेनें केला. वेलस्लीची फौज दक्षिणेच्या अंगास होती. एल्फिन्स्टन मात्र हौसेनें कर्नल केनीच्या हल्ल्याच्या टोळींत मिळाला आणि खिंडारांतून आंत गेला. म्हणून आंतल्या कोटास शिड्या लावून कॅप्टन कॅम्पबेलच्या लोकांनीं दरवाजा उघडला, त्या धांदलीविषयीं त्याची साक्ष फार मोलाची. किल्लेदार बेनीसिंग कामास आला, त्या बाजूची मात्र कथा वेगळी. आंतल्या लोकांचे मनसुबे काय होते, हें खिंडाराबाहेरून येणाऱ्यास काय कळणार? शिवाय हीं पत्रें आपल्यापुढें येतात तीं कोलब्रूक यानें १८८४ मध्यें छापिलेल्या चरित्रांतून. आणि चरित्रकार वेंचतो तें नायकाला शोभेल तेवढें.

उलट बाजूचें काय? गड पडल्यावर दोन दिवसांनीं, ता. १७ डिसेंबर रोजीं, देवगांवचा तह झाला. त्यांत भोसल्यांतर्फे यशवंतराव रामचंद्र वकील यांचें नांव आहे, म्हणून तें सर्वांस ठाऊक. पण यशवंतरावांच्या पाठीमागें बसून बोरू चालविणारा कोण, याची विचारपूस आपण कधीं केली आहे काय? आपल्या दरबारांत सरदार पत्र स्वहस्तें क्वचितच लिही. मजकूर चिटणीसाचा, शेवटच्या ओळीपुरतें धन्याचें अक्षर, आणि वर मोर्तब. असें असूनही संग्राहक मंडळी शिक्क्याच्या कागदास सोन्याप्रमाणें जपतात आणि त्याच रुमालांतील बिनसहीचे मसुदे, बातमीचे तुकडे, पाकिटावरील टिपणें रद्दींत घालतात! आमच्या मतें एका चिटणीसाचें वळण जर चार निश्चित कागदांवरून ओळखतां आलें, तर निनांवी चाळीस कागदांस धनी मिळूं शकतो.

वऱ्हाडांतील ज्या घराण्यांत भोसल्यांच्या वेळचें दफ्तर असेल, त्यांनीं तें निवडतांना निदान मसुदे वेगळे काढूं नयेत. कागद ज्या रुमालांत व ज्या क्रमानें निघेल, त्याच क्रमानें अनुक्रमांक घालावा. खोडलेल्या शब्दांसह नक्कल करावी. खाडाखोडीचें अक्षर मूळ अक्षराहून भिन्न असल्यास तसें समासांत नमूद करावें.