तालीम आणि चोळी : 'बनगरवाडी' पुन्हा वाचताना

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवली. ग्रामीण जीवन, प्रादेशिकता, दुष्काळाचे चित्रण आणि निवेदनातला साधेपणा असे चार मुद्दे फळ्यावर लिहायचे व प्रत्येकाखाली दोन-दोन उदाहरणे द्यायची, ही माझी ठरलेली पद्धत. निवृत्तीच्या आदल्या वर्षी तास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढ्या गरीब वाडीने विहीर खणायची सोडून तालीम का बांधली? आणि बांधली तर तिथे अंजीने काय करायचे?" मी घड्याळाकडे बघून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आले. त्यांचे उशिरा सुचलेले उत्तर येथे मांडतो आहे.

'बनगरवाडी' 1955 साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर राजाराम सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर नेमणुकीवर येतो, एवढेच तिचे कथासूत्र. शाळा बंद पडलेली असते, मुले मेंढरांमागे गेलेली असतात आणि वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला हा मास्तर अगदीच पोरसवदा वाटतो. पुढे शाळा भरू लागते, मास्तर वाडीची बारीकसारीक कामे करू लागतो, गाव मिळून तालीम बांधते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. खलनायक म्हणावा असा कोणी नाही. कुरापती काढणारा दादू बालट्यासुद्धा वाडीचाच एक हट्टी माणूस म्हणून आपल्या ध्यानात राहतो.

या सौम्यपणाला आम्ही मास्तर लोकांनी 'अलिप्त निवेदन' असे नाव देऊन टाकले. आज मला ती मैत्रीची कादंबरी वाटते. आनंदा रामोशीचेच बघा. तो हातचलाख आहे, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. रामोशी ही इंग्रजी अमलात जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींपैकी एक. तो कायदा 1952 साली रद्द झाला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी ही कादंबरी आली. माडगूळकर त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. ते फक्त आनंदाला मास्तरच्या जवळ आणून बसवतात. त्याची चोरी लपवत नाहीत आणि चोरीपलीकडचा माणूसही लपवत नाहीत. आयबू तर मास्तरच्या सोबतीला शाळेतच राहतो. कारभारी आणि मास्तर यांच्यात वयाचे, शिक्षणाचे, जातीचे अंतर आहे, पण दोघांनाही एकमेकांची गरज आहे. या गरजेतून मैत्री कशी उगवते, ते लेखक घाई न करता दाखवतो.

आता तालमीकडे येतो. तिचे एक कारण इतिहासात आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. ते स्वतः चित्रकार होते आणि आपल्या संस्थानात त्यांनी 1939 साली प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली. अशा राजाच्या मुलखात तालीम हा विचार मास्तरच्या डोक्यात येणे स्वाभाविक होते. कादंबरीत राजेसाहेब वाडीवर येतात, तेही त्याला धरूनच आहे.

दुसरे कारण मला कादंबरीच्या आत सापडते. विहीर कोणाच्या तरी शिवारात पडते. तिचे पाणी आधी कोणाच्या रानाला, कोणाच्या मेंढरांना, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहतो. तालीम कोणाचे पोट भरणार नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होऊ शकली. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसांनी नड नसलेली एक वस्तू मिळून घडवली. या कादंबरीतली निर्मिती म्हणतात ती हीच. राम देशमुखांनी 1958 साली केलेल्या इंग्रजी भाषांतराचे नाव आहे 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. भिंती नसलेल्या त्या गावाने मिळून भिंती उभारल्या त्या तालमीच्या, हे त्या नावामुळे माझ्या अधिक लक्षात आले.

मग दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे जगायला दुसऱ्या मुलखात जातात, कारभारी आधीच गेलेला असतो. मुले नसलेल्या शाळेला मास्तर कशाला हवा? त्याची बदली होते. मी वर्गात सांगत असे, की निसर्गापुढे माणसाचे श्रम वाया गेले. आज तसे सांगवत नाही. औंध संस्थान 1948 साली विलीन झाले. म्हणजे कादंबरी आली तेव्हा तालमीच्या उद्‌घाटनाला आलेल्या राजाचे राज्यही उरले नव्हते. टिकणे हीच कसोटी लावायची तर वाडी आणि संस्थान दोन्ही नापास. माडगूळकर ती कसोटी लावत नाहीत. काही दिवस या माणसांनी एकमेकांच्या बरोबरीने दगड-माती वाहिली, ही गोष्ट त्यांना लिहून ठेवण्याजोगी वाटते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. दुसऱ्याचे देताना मात्र माझी जीभ अडखळते.

अंजी ही कारभाऱ्याची मुलगी. ती मास्तरला तालुक्याच्या गावाहून चोळी शिवून आणायला सांगते. मास्तरच्या मनात पाप नाही, पण वाडीत कुजबुज होते आणि मास्तरचा सर्वांत मोठा आधार असलेला कारभारीच त्याच्यावर रुसतो. चोराला पोटात घेणाऱ्या या वाडीच्या मैत्रीला एका मुलीचे साधे मागणे झेपत नाही. तिकडे शेकूच्या औताला दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको स्वतः बैलाच्या जोडीला खांदा देते. मास्तर थक्क होऊन बघतो, आपणही बघतो. पण त्या बाईला काय वाटले, हे कादंबरी आपल्याला सांगत नाही. इथे माडगूळकरांचा संयम कमी पडतो, असे मला वाटते. पुरुषांच्या बाबतीत तो संयम माणूस उलगडतो. बायकांच्या बाबतीत तो दारातच थांबतो.

तरीही ही उणीव माझ्या विद्यार्थिनीला दिसली, ती लेखकाने चोळीचा प्रसंग लिहिला म्हणूनच. त्याला वाडी नुसतीच गोड रंगवायची असती, तर तो प्रसंग त्याने सहज गाळला असता. वाडीने घडवलेली तालीम आणि अंजीने मागितलेली चोळी, दोन्ही त्याने एकाच शांत आवाजात सांगितल्या. एकीभोवती गाव जमले. दुसरीने गावातली सर्वांत जुनी-जाणती मैत्री काही काळ तोडली.

ती मुलगी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. तिला आता एवढेच सांगता येईल, की त्या तालमीत अंजीला जागा नव्हती, आणि हे मला तू विचारेपर्यंत दिसले नव्हते. पुन्हा कधी वर्गावर उभा राहिलो, तर फळ्यावर ते चार मुद्दे लिहिणार नाही. तालीम आणि चोळी, एवढे दोनच शब्द लिहीन आणि मुलांना बोलू देईन.