दास्तान : दोष की संकेत?

‘दास्तान-ए-अमीर हमजा’ ही एका लेखकाची निर्मिती नाही. १८५५ साली गालिब लखनवी यांनी ती उर्दूत छापली. १८७१ मध्ये अब्दुल्ला बिलग्रामी यांनी लखनौच्या नवल किशोर प्रेससाठी तीत भर घातली. पुढे तसद्दुक हुसैन यांनी त्या प्रतीवर पुन्हा हात फिरवला. याच छापखान्यातून दास्तानचे ४६ खंडही निघाले.

रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी हे तिचे चार आधार. नवा जादूगार येतो, अमर अय्यार वेष पालटून त्याला फसवतो, पुन्हा तेच. कादंबरीच्या मापाने मोजणाऱ्या टीकाकारांनी याला पुनरुक्ती ठरवले. शम्सुर्रहमान फारुकी यांनी ‘साहिरी, शाही, साहिबकिरानी’मध्ये हे माप नाकारले. दास्तान ऐकण्याची कला आहे. पुढे काय होणार हे श्रोत्याला ठाऊकच असते, गोडी असते ती कसे होणार यात. म्हणजे पुनरुक्ती हा संकेत आहे. मात्र छापील खंड एकट्याने वाचणाऱ्याला ती कशी भासते, याचाही विचार हवा.

उर्दू शाळेत शिकवताना ‘अतिशयोक्ती हा दास्तानचा दोष’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत नेमाने भेटते. संकेत आधी समजून सांगावा, निवाडा नंतर. जी दास्तान पिढ्यांनी पुन्हा पुन्हा लिहिली, तिची व्याख्याही आपण सर्वांनी मिळून पुन्हा लिहायला हवी.