सलीमची खबर

हिंदी रहस्यपटांतली पोलिसाची वर्दी बराच काळ एका मुसलमान नटाच्या अंगावर होती. इफ्तेखार त्यांचे नाव. 'इत्तेफाक' (१९६९) मध्ये ते इन्स्पेक्टर कर्वे होते, 'जंजीर' (१९७३) मध्ये पोलीस कमिशनर सिंग, 'डॉन' (१९७८) मध्ये डीएसपी डिसिल्व्हा. त्यांच्या वर्दीवर प्रेक्षकाने कधी शंका घेतली नाही. पात्राच्या नावाने ती शंका आधीच मिटवलेली असे. पुढे १९९९ साली 'सरफरोश' आला आणि त्यात इन्स्पेक्टर सलीम नावाचा अधिकारी आला. त्याच्या वर्दीवर मात्र त्याचे खातेच शंका घेते. हा सलीम केला कठुआच्या मुकेश ऋषी यांनी. कर्वे होणारा इफ्तेखार आणि सलीम होणारा ऋषी, या उलटापालटीत आपल्या सिनेमाचे मन बरेचसे कळते.

आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसांना 'सरफरोश' आणखी एका कारणाने पाहावा लागतो. जॉन मॅथ्यू मत्थन यांच्या या चित्रपटातले शस्त्रतस्करीचे प्रकरण चंद्रपूरच्या जंगलात पेट घेते. सीमेपलीकडून आलेल्या बंदुका वीरन नावाच्या जंगलातल्या दरोडेखोराच्या टोळीपर्यंत पोचतात, वऱ्हाडाच्या बसवर हल्ला होतो, माणसे मरतात. मग तपास मुंबईला जातो आणि मुंबईचाच होतो. चंद्रपूर पुन्हा येते ते फायलीतल्या नावासारखे. वीरन हे नावही इकडचे नाही. आत्राम, मडावी, उसेंडी, कोवे अशी आमची आडनावे. वीरन तर वीरप्पनच्या नावावरून कातरून आणल्यासारखा वाटतो, आणि वीरप्पनचे जंगल कर्नाटक-तामिळनाडूच्या सीमेवरचे. रहस्यपटाला जंगल म्हणजे सगळे एकच. जिल्हाही इथे दुय्यम पात्र आहे. त्याने प्रेते पुरवायची, धागा पुरवायचा आणि पडद्यावरून निघून जायचे.

सलीमचेही काम तेच आहे. फरक एवढाच की तो निघून जायला नकार देतो.

मुकेश ऋषी यांची त्याआधीची वाटचाल पाहिली तर ही भूमिका त्यांना मिळाली कशी, याचेच नवल वाटते. संजय खान यांच्या 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' (१९९०) या दूरदर्शन मालिकेत ते मीर सादिक होते. उर्दूत मीर सादिक हे नाव शिवीसारखे वापरतात. घरभेद्याला दुसरे नाव लागत नाही. मग प्रियदर्शन यांच्या 'गर्दिश' (१९९३) मध्ये ते बिल्ला जिलानी झाले. गल्लीला दहशत घालणारा आडदांड गुंड, ज्याच्याशी भिडल्याने एका सरळ पोरग्याचे आयुष्य उद्ध्वस्त होते. 'गुंडा' (१९९८) मधला बुल्ला तर आता थट्टेचाच विषय झाला आहे. थट्टा करणाऱ्यांना एक दिसत नाही. ते हास्यास्पद यमकी संवाद हा नट कुठेही डोळा न मारता, पूर्ण गांभीर्याने म्हणतो. पडेल ते काम चोख करण्याची ही सवय आहे. भरभक्कम देह, रुंद जबडा, खर्जातला आवाज. निर्मात्यांनी त्यातून एकच अर्थ काढला होता.

'सरफरोश'मध्ये तोच देह वेगळ्या कामाला लावला आहे. सलीम वयाने आणि अनुभवाने एसीपी अजय राठोडपेक्षा मोठा. मोहीम फसते, त्याच्या निष्ठेविषयी कुजबूज होते, त्याला प्रकरणातून बाजूला सारले जाते आणि तपास धाकट्या राठोडकडे जातो. राठोड मदत मागायला येतो तेव्हा सलीम नाही म्हणतो. ऋषी इथे आवाज चढवत नाहीत. एवढा मोठा माणूस खांदे आत ओढून घेतो, नजर बाजूला वळवतो, आणि अपमान अंगात मुरलेला आहे हे आपल्याला कळते. नंतर राठोड संतापून देशाविषयी त्याला टोचून बोलतो. मग सलीम परत येतो तो खबर घेऊन. राठोड चूक कबूल करतो. सलीम त्याला बजावतो की पुन्हा कुठल्याही सलीमला हा देश त्याचा नाही असे सांगू नकोस. त्या काळी हे वाक्य ऐकून कितीतरी मुसलमान प्रेक्षकांचा गळा भरून आला असेल. शेजारी नसीरुद्दीन शाहांचा गुलफाम हसन आहे, गझल गाणारा आणि कट रचणारा. अशा नटापुढे उभे राहून ऋषी यांनी चित्रपटाचा तोल राखला.

तरीही त्या दृश्यातला व्यवहार माझ्या मनातून जात नाही. सलीमची क्षमा मागितली जाते, पण ती त्याने खबर आणल्यावर. त्याच्याकडे खबरे नसते तर? वस्तीत ओळखी नसलेला, तपासाला काही उपयोग नसलेला, नुसताच सरळमार्गी सलीम असता तर ते वाक्य म्हणायची संधी त्याला मिळाली असती का? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही. चित्रपटाचा हेतू चांगला आहे, त्याला लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण नागरिकत्व आणि उपयुक्तता यांची त्याने घातलेली गाठ मला गैर वाटते.

'खबऱ्या' हा शब्द मुंबईच्या रहस्यपटात गमतीचा असतो. पानटपरीवरचा तिरळा माणूस, शंभराची नोट, कानात कुजबूज. गडचिरोलीत हा शब्द ज्याला चिकटला त्याच्या घरी प्रेत यायचे. पोलिसांचा खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांना मारल्याच्या बातम्या इथल्या लोकांनी वर्षानुवर्षे वाचल्या. दुसऱ्या बाजूला, ज्याच्या घरी जंगलातली माणसे रात्री जेवून गेली तो पोलिसांच्या लेखी संशयित. बंदूकधाऱ्याला जेवायला नाही म्हणायची सोय कोणाला होती? १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी सी-६० हे पथक उभारले तेव्हा त्यात इथलीच मुले घेतली, कारण बोली आणि वाट त्यांनाच ठाऊक. सलीमला खात्यात ठेवण्याचे कारण याहून वेगळे काय होते? १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला. १५ पोलीस गेले आणि त्यांच्या गाडीचा चालकही गेला. बातमीच्या मथळ्यात बहुधा १५ हाच आकडा मोठा, चालक 'आणि'च्या पुढे. दुय्यम पात्र म्हणजे काय, हे मला अशा 'आणि'वरून समजते.

'न्यूटन'ने (२०१७) ही चूक थोडी सुधारली. चित्रीकरण शेजारच्या छत्तीसगडातले. त्यातली मलको ही स्थानिक शिक्षिका, अंजली पाटील यांनी केलेली, गोंडी आणि हिंदी दोन्ही जाणते. तिच्यावाचून तिथले मतदान केंद्र मुके आहे. ती खबर देत नाही, ती अर्थ सांगते. ऋषी यांच्यासारख्या नटाला असे पात्र क्वचितच मिळाले.

त्याच कुरखेडा तालुक्यात गुरनोली आहे, परशुराम खुणे यांचे गाव. झाडीपट्टी रंगभूमीवरचे हे नट. ८०० वेगवेगळ्या भूमिका आणि ५००० हून अधिक प्रयोग असा त्यांचा हिशेब २०२३ च्या पद्मश्रीच्या वेळी सांगितला गेला. पडद्यावरच्या नटाशी त्यांची तुलना करू नये असे म्हणतील, पण मला ती करावीशी वाटते. 'सीआयडी' मालिकेत दिनेश फडणीस १९९८ पासून २०१८ पर्यंत फ्रेडरिक्स होते. २०२३ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा लोकांना फ्रेडरिक्सच गेल्यासारखे वाटले. टीव्ही दुय्यम नटाला एक चेहरा देते आणि त्यातच कोंडून ठेवते. झाडीपट्टीत धान निघाल्यावर, दिवाळी ते होळी, वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात. शंकरपटाच्या निमित्ताने पाहुणे आलेले असतात आणि नाटक रात्रभर चालते. तालमीला दिवस थोडे, म्हणून प्रॉम्प्टरच्या आवाजावर भिस्त. अशा ठिकाणी विनोदी काम करणारा नट कथानकाचा शेपूट नसतो. पहाटे तीनला पेंगणारा मांडव जागा ठेवणे त्याच्याकडे असते. नायकाला ते जमतेच असे नाही.

आणि तरी खुण्यांची ओळख करून देताना 'विदर्भाचे दादा कोंडके' असे म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण म्हणजे मूळ माणूस दुसराच कोणीतरी, मुंबई-पुण्याकडचा! सन्मानासोबत नक्षलग्रस्त तरुणांना वाट दाखवल्याचाही उल्लेख झाला. त्या कामाचे मोल आहेच. फक्त इथल्या नटाला नट म्हणून पुरते मोजण्याआधी त्याचा उपयोग काय झाला हे सांगायची सवय मला सलीमच्या दृश्याची आठवण करून देते.

सलीमनंतर मुकेश ऋषी 'कोई मिल गया' (२००३) मध्ये पुन्हा इन्स्पेक्टर झाले, खुर्शीद खान. त्या वर्दीवर कोणी संशय घेत नाही. तेलुगूत 'इंद्रा' (२००२) सारख्या चित्रपटांनी त्यांना भरपूर काम दिले, तेही बहुतेक खलनायकाचे. पुन्हा तो देह, तो जबडा. सलीमसारखी दुसरी भूमिका त्यांच्यासाठी कोणी लिहिली नाही.