तारा जमिनीखाली घालणं परवडत नाही, हे खरंच सिद्ध झालंय का?

पहिल्या वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडते, गल्ली अंधारात जाते आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: "या तारा एकदाच्या जमिनीखाली का घालत नाहीत?" मग दोन गट पडतात. एक म्हणतो, परदेशात सगळं भूमिगतच असतं. दुसरा म्हणतो, अभ्यास झालेत, खर्च फायद्यापेक्षा जास्त आहे, विषय संपला.

पहिल्या गटाचं म्हणणं सरसकट खरं नाही. जपानसारख्या देशातही शहरांचे रस्ते खांबांनी आणि तारांनी भरलेले दिसतात. पण आजचा लेख दुसऱ्या गटाबद्दल आहे. "अभ्यास झालेत" असं कोणी म्हटलं की आपण, म्हणजे संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या लोकांनी, तो अभ्यास उघडून बघायला हवा. या विषयावर शोधायला लागलात की एक पेपर लवकरच हाती येतो. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या पीटर लार्सन यांचा हा पेपर २०१६ साली 'एनर्जी इकॉनॉमिक्स' या जर्नलमध्ये आला. ओव्हरहेड विजेच्या तारा भूमिगत करण्याचे खर्च आणि फायदे कसे मोजायचे, याची पद्धत त्यात मांडली आहे.

माझ्या मते पेपर चांगला आहे, पण त्याच्या नावावर जे वाक्य फिरतं ते पेपरपेक्षा बरंच मोठं आहे. ते कसं, हे जरा सविस्तर बघू.

पेपर काय करतो

लार्सन यांनी उदाहरण म्हणून अमेरिकेतलं टेक्सस राज्य घेतलं. प्रश्न असा: तिथल्या खासगी वीज कंपन्यांच्या ओव्हरहेड तारांचं आयुष्य संपेल, तेव्हा त्यांच्या जागी पुन्हा ओव्हरहेड तारा न घालता भूमिगत केबलच घाला, असा सरसकट नियम केला तर समाजाला फायदा होईल की तोटा?

खर्चाच्या बाजूला केबल घालण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च, खोदकामाने जमिनीचं आणि परिसराचं होणारं नुकसान, आणि काम करणाऱ्या कामगारांचे वाढीव अपघात. फायद्याच्या बाजूला मुख्यतः दोन गोष्टी: वीज कमी वेळा गेल्यामुळे वाचलेलं नुकसान, आणि डोळ्यांसमोरच्या तारा गेल्यामुळे मालमत्तेच्या किमतीत पडणारी भर.

उत्तर आलं: फायदा-खर्च गुणोत्तर साधारण ०.३. सोप्या भाषेत, एक रुपया घाला आणि तीस पैसे परत मिळवा. म्हणून टेक्ससमध्ये असा सरसकट नियम करू नये, असा निष्कर्ष.

लोक इथेच वाचायचं थांबतात. पेपर मात्र पुढे सांगतो की काही परिस्थितींत हेच गणित उलटू शकतं: तारेच्या प्रत्येक मैलामागे ग्राहक जास्त असतील (उदाहरणादाखल चाळीसहून अधिक), तीव्र वादळं वारंवार येत असतील, मोठ्या प्रमाणावर काम केल्याने केबल घालण्याचा खर्च वर्षागणिक उतरत असेल, आणि ओव्हरहेड तारांसाठी लागणारा जमिनीचा पट्टा भूमिगत केबलच्या पट्ट्यापेक्षा रुंद असेल. लार्सन यांनी हीच चौकट अलास्कातल्या कॉर्डोव्हा या छोट्या मासेमारी गावालाही लावली, आणि तिथे फायद्याची बाजू जड निघाली.

म्हणजे पद्धत एकच, जागा दोन, उत्तरं दोन. मग "अभ्यासात सिद्ध झालंय" या वाक्यात 'कुठे' हा शब्द गाळला गेला, हे लक्षात घ्या.

जमेची बाजू

याआधीचे बरेच अहवाल फक्त खर्च मोजून थांबत. नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. डिसेंबर २००२ मध्ये तिथे हिमवादळाने लाखो लोकांची वीज गेली. त्यानंतर २००३ मध्ये राज्याच्या वीज नियामकांकडून अहवाल आला: सगळ्या वितरण तारा भूमिगत करायला सुमारे ४१ अब्ज डॉलर आणि साधारण २५ वर्षं लागतील, आणि घरगुती वीजदर सुमारे १२५ टक्क्यांनी वाढतील. हे आकडे ऐकून कोणीही गप्प बसेल. पण वीज न गेल्यामुळे समाजाचं काय वाचलं, याचा हिशेब मांडल्याशिवाय "महाग" या शब्दाला अर्थ नाही. कशापेक्षा महाग? लार्सन यांनी दुसरा रकाना भरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, आणि गृहीतकं बदलली तर उत्तर किती हलतं तेही दाखवलं. पहिला पेपर लिहिणाऱ्याने हे शिकून घ्यावं.

पहिली अडचण: मोजमापाचं एकक

टेक्ससचा हिशेब राज्याचा आहे. त्यात ह्यूस्टनचा गजबजलेला रस्ता आहे आणि मैलोन्‌मैल माळरानावरून जाणारी, चार घरांना वीज देणारी लाइनही आहे. शिवाय वितरणाच्या तारांबरोबर उच्च दाबाच्या पारेषण तारासुद्धा आहेत, ज्या जमिनीखाली घालणं कितीतरी महाग पडतं. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे ०.३.

आता आपला प्रश्न बघा. तो शहरातल्या रस्त्याचा आहे. समजा, अर्ध्या किलोमीटरच्या गल्लीत दहा इमारती आणि प्रत्येकीत वीस फ्लॅट. झाले दोनशे ग्राहक, म्हणजे किलोमीटरला चारशे. पेपरमधला मैलाला चाळीसचा आकडा म्हणजे किलोमीटरला पंचवीस. आपली गल्ली त्याच्या सोळापट दाट आहे.

यावरून "बघा, आपल्याकडे परवडतंच!" असं म्हणायचा मोह होईल. तोही आवरा. चाळीसचा आकडा अमेरिकेतल्या मजुरीच्या, केबलच्या आणि वीज गेल्याच्या किमतीतून आलाय, आणि तो बाकीच्या अटींसोबत उभा आहे. तो उचलून थेट पुण्याच्या पेठेत लावणं ही ०.३ लावण्याइतकीच चूक आहे.

दुसरी अडचण: वीज किती वेळा जाते, की किती वेळ जाते?

हवेतल्या तारेला हवाच इन्सुलेशन देते. फांदी टेकली, ठिणगी उडाली, फांदी खाली पडली की बिघाड संपला. असे बरेचसे बिघाड क्षणिक असतात आणि रिक्लोजर काही क्षणांत पुरवठा परत सुरू करतो. केबलचं तसं नाही. तिचं इन्सुलेशन एकदा फुटलं की आपोआप जुळत नाही. बिघाड नेमका कुठे आहे ते उपकरणाने शोधा, रस्ता खणा, जॉइंट मारा. म्हणून केबलचे बिघाड कमी, पण प्रत्येक बिघाड लांबलचक.

नॉर्थ कॅरोलायनाच्या त्याच अहवालात याचे आकडे आहेत: भूमिगत यंत्रणेत वीज जाण्याचं प्रमाण सुमारे निम्मं, पण दर वेळी ती परत यायला सरासरी १४५ मिनिटं, ओव्हरहेडला ९२ मिनिटं. समजा, ओव्हरहेड लाइनवर वर्षाला दोनदा वीज जाते: २ × ९२ = १८४ मिनिटं. भूमिगतवर एकदा: १४५ मिनिटं. बिघाड निम्मे झाले, पण अंधाराची मिनिटं एकपंचमांशानेच घटली.

हे सरासरी आकडे वाचताना आणखी एक प्रश्न विचाराच: मोठ्या वादळांचे दिवस धरलेत की वगळलेत? विश्वासार्हतेचे आकडे देताना मोठ्या आपत्तीचे दिवस वेगळे काढण्याची पद्धत आहे. कंपनीची रोजची कामगिरी तोलायला ते ठीक. पण ज्या दिवसांसाठी केबल जमिनीखाली घालायची, नेमके तेच दिवस हिशेबातून गेले तर फायदा कमी दिसणारच. उलट, पुराचं पाणी फीडर पिलरमध्ये शिरतं ते दिवस गेले तर तो जास्त दिसेल.

तिसरी अडचण: अंधाराची किंमत

एक तास वीज गेली तर नुकसान किती? यासाठी अमेरिकेत ग्राहक-सर्वेक्षणांवर आधारलेलं एक गणनयंत्र वापरतात, जे लार्सन यांच्याच प्रयोगशाळेच्या पुढाकाराने तयार झालं. घर, छोटं दुकान, मोठा कारखाना यांची किंमत वेगवेगळी. अडचण अशी की हे अंदाज काही मिनिटांपासून काही तासांपर्यंतच्या खंडित पुरवठ्याचे आहेत. एका दिवसाहून लांब अंधारासाठी ते बनवलेलेच नाहीत. दहाव्या दिवसाचा अंधार म्हणजे पहिल्या तासाच्या अंधाराचा २४० वेळा बेरजेने आलेला आकडा नव्हे. तोवर पाण्याचे पंप बंद असतात, मोबाइल टॉवर बसलेले असतात, दवाखान्याचं डिझेल संपत आलेलं असतं.

हे आपल्याला माहीत आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. रायगड आणि रत्नागिरीत विजेचे खांब मोठ्या संख्येने आडवे झाले आणि काही गावांत वीज यायला आठवडे लागले. विशाखापट्टणमने ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुदच्या वेळी हेच पाहिलं, आणि तिथे नंतर जागतिक बँकेच्या मदतीने भूमिगत केबलचं काम हाती घेतलं गेलं. अशा शहरांसाठी प्रश्न "वर्षाला किती मिनिटं" हा नाहीच.

चौथी अडचण, मला सगळ्यात जास्त खुपणारी

तारा गेल्यामुळे रस्ता छान दिसतो, हा फायदा मालमत्तेच्या किमतीतून मोजला जातो. अर्थशास्त्रात ही मान्य पद्धत आहे. पण तिचा परिणाम बघा. समजा, तारा हटल्या की घराची किंमत दोन टक्क्यांनी वाढते असं धरलं. तीन कोटींच्या फ्लॅटमागे फायदा सहा लाख. पंधरा लाखांच्या खोलीमागे फायदा तीस हजार. म्हणजे श्रीमंत वस्तीतली तार काढणं हिशेबात वीसपट "फायदेशीर" ठरतं, केबल तीच असताना. आणि खर्च वीजबिलातून वसूल झाला तर तो दोन्ही घरांच्या बिलात येतो.

एकूण गुणोत्तर हे दाखवत नाही. कोण देतो आणि कोणाला मिळतं, हा वेगळा तक्ता लागतो.

याच्या जोडीला सुरक्षा. पेपरच्या हिशेबात अपघाताचा रकाना मुख्यतः कामगारांचा आहे, आणि तो खर्चाच्या बाजूला आहे. भारतात अलीकडे विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. हे सगळे मृत्यू रस्त्यावरच्या तारांमुळे नाहीत. घरातलं वायरिंग आहे, शेतातले पंप आहेत. त्यामुळे अख्खा आकडा फायद्यात टाकणं खोटेपणा होईल. पण गच्चीला खेटून तारा जाणाऱ्या वस्तीत हा रकाना शून्य धरणं हाही खोटेपणाच. आणि तारांच्या जागी आलेला उघड्या दाराचा फीडर पिलर पावसात तितकाच जीवघेणा असतो, तोही मोजायला हवा.

मग आपल्याकडे काय?

मुंबईच्या बेट भागात वीज वितरण जवळपास पूर्ण भूमिगत आहे, तेव्हा "भारतात जमत नाही" हे म्हणणं तर टिकत नाही. खरा प्रश्न कोणत्या रस्त्यावर, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या पैशाने हा आहे. दाट वस्ती, किनारपट्टी, रुग्णालयाचा फीडर, गच्चीला खेटलेल्या तारा: यांचे हिशेब वेगवेगळे येतील. शिवाय आपल्या शहरांत पाण्याची लाइन, गॅस, फायबर यांसाठी रस्ता पुन्हापुन्हा खणला जातो आणि "खोदकामात केबल तुटली" ही बातमी कोणालाच नवी नाही. जमिनीखाली काय कुठे आहे याचा नकाशाच धड नसेल, तर अमेरिकेतला बिघाडाचा दर आपल्याकडे लागू होणार नाही. हा दर आपल्या रस्त्यांवर मोजणं हा एका एमएस्सीच्या प्रबंधाला पुरेल असा विषय आहे.

जाता जाता, वाचनाची सवय

असा कोणताही खर्च-फायद्याचा पेपर हातात आला की सारांशातलं गुणोत्तर शेवटी वाचा. आधी तुलना कशाशी आहे ते बघा. मग एकक कोणतं, कोणते दिवस धरलेत, पैसे कोणाचे आणि फायदा कोणाचा, हे शोधा. डिस्काउंट रेट तर बघाच: चाळीस वर्षांनी मिळणारे शंभर रुपये १० टक्के दराने आज जेमतेम सव्वादोन रुपयांचे होतात आणि ३ टक्के दराने साधारण एकतीस रुपयांचे. केबलसारख्या दीर्घायुषी गोष्टीत हा एक आकडा बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो.

लार्सन यांच्या पेपरने टेक्ससच्या सरसकट नियमाला 'नको' म्हटलं, आणि माझ्या मते ते बरोबर म्हटलं. आपल्या गल्लीबद्दल त्यांनी काहीच म्हटलेलं नाही. तो हिशेब अजून कोणीतरी मांडायचा आहे.