हुंकार आणि ओ : पावसाळी रात्रीच्या भयकथेचे श्रवणरूप

१

भयकथेविषयी मराठीत जे समीक्षालेखन झाले आहे, त्यात एक गृहीत बहुधा वावरताना दिसते. भयकथा ही मुळात वाचायची गोष्ट असून तिचे सांगितले जाणे ही केवळ तिची पूर्वावस्था होय, असे ते गृहीत आहे. त्यामुळे चर्चेला आरंभ होतो तो नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्यापासून. त्यापूर्वीचे जे काही असेल ते 'लोकसमजुती' या एका शब्दात गुंडाळून लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपविले जाते. प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतावर आहे. पावसाळी रात्री दार लावून घेतलेल्या घरात ऐकली जाणारी भुताखेताची गोष्ट हा एक स्वतंत्र कथनप्रकार आहे आणि ऐकणाऱ्याच्या सहभागावाचून त्याचे रूप सिद्धच होत नाही, असे येथे सुचवायचे आहे.

या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखिका वळली ती स्वतःच्या एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपल्या गावी आजीने सांगितलेल्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. त्यांपैकी एक अशी : भातलावणीच्या दिवसांत एक गडी रात्री उशिरा घरी परततो आहे. मागून ओळखीच्या आवाजात हाक येते. तो ओ देतो. व्हाळाशी पोचतो तेव्हा पुन्हा हाक येते, पण या खेपेस ती पाण्याच्या बाजूने येते. येथे आजी थांबते. नातू विचारतो, 'मगे?' आजी म्हणते, 'फुडला काय सांगू? तुका थंयसूनच जावचा आसा मा?' (पुढचे काय सांगू? तुला तिथूनच जायचे आहे ना?) त्यानंतर काही वेळ केवळ पावसाचा आवाज आहे. विद्यार्थ्याने लिखित प्रतीच्या शेवटी 'कथा अपूर्ण' असा शेरा घातला होता, आणि मार्गदर्शक या नात्याने प्रस्तुत लेखिकेने त्याखाली स्वाक्षरी केली. पुढे तेच ध्वनिमुद्रण वर्गात ऐकविण्याचा प्रसंग आला, तेव्हा ती कथा पूर्ण होती हे ध्यानात आले. अपूर्ण होते ते आमचे पूर्णत्वाचे निकष.

२

हे निकष कोठून आले, हे पाहण्यासाठी पावसाळ्याचा विचार करावा लागतो. कोकणात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हेच महिने मराठी संस्कृतीत प्रामुख्याने श्रवणाचे आहेत. चातुर्मासात पोथी लागते, पुराण सांगितले जाते, श्रावणात वारावारांच्या कहाण्या ऐकल्या जातात. कहाणीचे रूप आपल्या परिचयाचे आहे. व्रत घडते, मोडते, पुन्हा घडते. आणि शेवटी ठरीव वाक्यांनी कथेचे वर्तुळ मिटते. कथेतल्या स्त्रीला जे लाभले ते ऐकणारीलाही लाभो, असे म्हणून फळ श्रोत्याच्या ओंजळीत टाकले जाते. ही फलश्रुती म्हणजे ऐकण्याचे पारितोषिक होय.

भुताची गोष्ट याच ऋतूत, याच घरात, पुष्कळदा याच तोंडून ऐकली जाते. दिवसा कहाणी सांगणारी आजीच रात्री, वीज गेल्यावर, ही दुसरी गोष्ट सांगते. तिला फलश्रुती नाही. ती ऐकल्याने पुण्य लागत नाही, आणि शेवटी काही मिटत नाही. कहाणी जे फळ देते त्याच्या जागी ही गोष्ट एक धास्ती देते, आणि तीही श्रोत्याच्याच ओंजळीत. तेव्हा श्रुत भयकथा ही कहाणीची प्रतिरचना आहे, असे म्हणता येईल. देण्याची रीत तीच राहते, दिली जाणारी वस्तू तेवढी बदलते.

यात पावसाचे कार्य केवळ पार्श्वभूमीचे नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री शांततेत एखादा आवाज झाला तर ती घटना असते. पावसात तोच आवाज शंका होतो. कौलांवरचा मारा, पागोळ्यांची धार, बेडकांचे ओरडणे या अखंड नादात कोणताही आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो आणि कोणत्याही आवाजाची खात्री देता येत नाही. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताची मीमांसा करताना नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानता हे त्या प्रकाराचे लक्षण मानले. त्यांच्या विवेचनात ही दोलायमानता संहितेत वसते आणि वाचक ती अनुभवतो. येथे मात्र ती छपरावरून येते. संहितेने निर्माण करायची शंका भोवतालाने आधीच निर्माण केलेली असते, आणि सांगणारी तिचा केवळ उपयोग करून घेते.

३

मौखिक कथनात श्रोत्याने हुंकार भरायचा असतो. 'हूं' आला नाही तर सांगणारा थांबतो; श्रोता झोपला असे समजून गोष्ट आवरती घेतो. हुंकार म्हणजे कथन पुढे नेण्याची अनुज्ञा. याच परिसरात आणखी एक संकेत रूढ आहे. रात्री ओळखीच्या आवाजात हाक आली तरी पहिल्या हाकेला ओ देऊ नये. एक संकेत प्रतिसाद मागतो, दुसरा प्रतिसादाची मनाई करतो. श्रुत भयकथा या दोन संकेतांच्या छेदबिंदूवर उभी असते. वर उल्लेखिलेल्या गोष्टीतला गडी ओ देतो आणि सापडतो. ती ऐकणारा नातू प्रत्येक वाक्याला हुंकार भरत असतो. गड्याने जे करू नये तेच श्रोता सतत करीत आहे. 'मगे?' हा त्याचा प्रश्न हीच त्याची ओ असते, आणि आजी नेमकी तेथेच थांबते.

हे तत्त्व भारतीय कथापरंपरेला अपरिचित नाही. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त आलेली आणि पुढे मराठीसह अनेक भाषांत गेलेली वेताळाची कथामाला मुळात ऐकण्याविषयीची आहे. राजा त्रिविक्रमसेन स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. त्याने मौन पाळायचे आहे. प्रेतात शिरलेला वेताळ त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून दिले नाही तर मस्तक फुटेल, आणि दिले तर मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर जाईल. आतल्या गोष्टी पुष्कळशा प्रेमाच्या, चातुर्याच्या, धर्मसंकटाच्या आहेत, त्यांत भय थोडे. भय आहे ते चौकटीत, म्हणजे अंधारात ऐकत चालणाऱ्या माणसाच्या स्थितीत. त्या कथामालेचे संस्कार मराठीत बालवाङ्मय म्हणून झाले, आणि चौकट ही गोष्टी ओवण्याची सोय मानली गेली. प्रत्यक्षात श्रोत्याचा प्रतिसाद धोक्यात आणणारी ती रचना हीच तिची खरी कथा आहे.

४

येथे रसचर्चेतील एक अडचण पुढे येते. भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्तांनी 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील भ्यालेल्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे प्रतीत होणारे भय माझे नाही, शत्रूचे नाही, त्रयस्थाचेही नाही. देश आणि काल यांच्या विशेषांपासून ते सुटलेले आहे, आणि म्हणूनच आस्वाद्य आहे, असा त्यांचा अभिप्राय. याउलट भाव स्वतःच्या वा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालाला बांधलेला राहणे, हे त्यांनी रसविघ्नांत गणले आहे.

श्रुत भयकथा हे विघ्न जाणूनबुजून ओढवून घेते. 'कोणे एके काळी' असा तिचा आरंभ नसतो. व्हाळ ठरलेला असतो, पिंपळ ठरलेला असतो, माणसाचे घरनाव ठाऊक असते, आणि साल अमक्याच्या लग्नाआधीचे असते. साधारणीकरणाच्या नेमक्या उलट दिशेने ती जाते. भयाचे स्थळ श्रोत्याच्या उद्याच्या वाटेवर आणून ठेवते. काव्यातले भय काव्याबरोबर शमते. हे भय मात्र गोष्ट संपल्यावर, मागीलदारी जाण्याची वेळ येते तेव्हा सुरू होते.

मग हा रसानुभव नव्हेच, असा निष्कर्ष काढून हा प्रकार साहित्याबाहेर टाकावा काय? असा निष्कर्ष शास्त्रशुद्ध होईल, परंतु त्यातून कथेविषयी काही कळणार नाही. ज्या रचनेत एकही शब्द वाया जात नाही, थांबण्याची जागा चुकत नाही, तिला केवळ समजूत म्हणता येत नाही. साधारणीकरण हा आस्वादाचा एकमेव मार्ग नसावा, एवढे तरी तिच्यावरून मान्य करावे लागते.

५

या गोष्टींतली भुते कोण आहेत, याकडेही पाहिले पाहिजे. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा. अळवंत ही बाळंतपणात दगावलेली स्त्री. मधेच तुटलेली, संस्कारांनी पूर्ण न झालेली ही आयुष्ये आहेत. शेवट नसलेल्या माणसांच्या गोष्टीला शेवट नसावा, यात रूप आणि आशय यांची एक सुसंगती आहे. ज्या घरातली सून बाळंतपणात गेली त्या घराने तिच्याविषयीचे दुःख किती बोलून दाखविले असेल ते सांगता येत नाही. तिच्याविषयीची भीती मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मेलेल्या बाईलाच पुन्हा अपराधी ठरविणे, खविसासारख्या कल्पनेत परक्या समाजाविषयीचा पूर्वग्रह साठविणे, हेही तिने केले आहे. समीक्षेने या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात.

नोंदणीने यातले काय राहिले? ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणातील लोकविद्येचा जो संग्रह १९१५ मध्ये सिद्ध केला, त्याला गावोगावच्या शाळामास्तरांच्या उत्तरांचा आधार होता. त्यात भुतांची नावे, प्रकार आणि उतारे आहेत, परंतु सांगणारी नाही, हुंकार नाही आणि पाऊसही नाही. आमच्या 'कथा अपूर्ण' या शेऱ्याचे मूळ अशा नोंदणीच्या सवयीत आहे.

छापील भयकथेने वेगळ्या रीतीने ही पोकळी भरली. धारपांच्या समर्थकथांत अनिष्टाचा प्रतिकार करणारा समर्थ येतो आणि व्यवस्था पुन्हा प्रस्थापित होते. एका अर्थाने कहाणीची फलश्रुतीच तेथे परतते. मतकरींची गूढकथा बहुधा अखेरच्या कलाटणीवर तोललेली असते, आणि कलाटणी हाही एक प्रकारचा शेवटच. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या निबंधात स्पष्टीकरणाचा भार नसणे हे मौखिक कथेचे बलस्थान मानले. एकट्याने वाचणाऱ्याला ती उणीव वाटते, म्हणून छापील कथा ती भरून काढते. हा दोष नव्हे. माध्यमाची ती मागणी आहे. तरीही ऐकण्याची वाट बंद झाली नाही. 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचे बीज दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मिळाले, ते एका मित्राने सांगितलेल्या धारपांच्या कथेतून. धारपांची ती 'आजी' स्वतः स्टीफन किंगच्या इंग्रजी कथेवरून आलेली. छापील गोष्ट पुन्हा ऐकीव झाली, आणि त्या ऐकण्यातून जे उभे राहिले त्यात पाऊस कधी थांबतच नाही.

६

आज ध्वनिपुस्तकांमुळे मराठी भयकथा पुन्हा कानांवाटे येऊ लागली आहे. तिचे स्वागत करताना एक भेद विसरता कामा नये. यंत्रातला आवाज श्रोत्याच्या हुंकारासाठी थांबत नाही. श्रोता झोपला तरी तो सांगतच राहतो. श्रोता कोणत्या वाटेने घरी जाणार, हे त्याला ठाऊक नसते. ऐकणे परत आले आहे, पण ओ देण्याची जोखीम परत आलेली नाही.

श्रुत भयकथेचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना यापुढे तीन गोष्टी नोंदवायला सांगाव्यात, असे वाटते : श्रोत्याने कोठे हुंकार भरला, सांगणारी कोठे थांबली, आणि गोष्टीतले स्थळ ऐकणाऱ्याच्या घरापासून किती अंतरावर आहे. त्या लिखित प्रतीवरचा शेरा प्रस्तुत लेखिकेने नंतर खोडला. त्या जागी काय लिहावे हे विद्यार्थ्याला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की त्या रात्री तो घरी गेलाच नाही, आजीकडेच राहिला. कथेचे शेवटचे वाक्य म्हणून हेच नोंदविले आहे.